मुलांचे प्रश्न आणि मन्तिकचा पहिला धडा

वाचकहो, नववी-दहावीत शिकणारे आपले मूल एखाद्या संध्याकाळी विचारते, ‘तकदीरमध्ये सर्व काही आधीच लिहिलेले असेल, तर मी अभ्यास कशासाठी करू?’ बहुतेक घरांत यावर एकच उत्तर मिळते: ‘तौबा कर, असे बोलू नये.’ मूल गप्प बसते, पण प्रश्न गप्प बसत नाही. तो मोबाइलकडे वळतो, आणि तेथे उत्तर देणाऱ्यांची वाण नाही.

वस्तुतः हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. सहाबांनी (रजि.) प्रेषित मुहम्मद (स.) यांना हेच विचारले होते: सर्व लिहिलेलेच असेल, तर कर्म सोडून त्या लिखितावर विसंबून का राहू नये? प्रेषितांनी (स.) त्यांना दटावले नाही. कर्म करीत राहा, ज्याला ज्यासाठी निर्माण केले आहे त्याला ते सुलभ केले जाते, अशा आशयाचे उत्तर दिले. येथून मुलाशी बोलणे सुरू करता येते. एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि ती करावयास भाग पाडणे, हे एकच आहे काय? कोणता विद्यार्थी नापास होणार हे शिक्षकाला कळते. म्हणून काय शिक्षकाने त्याला नापास केले? हुशार मूल लगेच म्हणेल की शिक्षकाचा तो अंदाज असतो, अल्लाहचे ज्ञान अंदाज नव्हे. शिवाय शिक्षक विद्यार्थ्याचा निर्माता नाही. त्याला म्हणू द्या. दृष्टान्त कोठे तोकडा पडतो हे ज्याला दिसले, तो विचार करावयास शिकला.

शालेय वयात तत्त्वज्ञानाची ओळख व्हावी असे मी म्हणतो, तेव्हा मला एवढेच अभिप्रेत असते. आपल्या राज्यात तर्कशास्त्र हा विषय भेटतो तो अकरावीत, तोही कला शाखेत. विज्ञान शाखेकडे गेलेल्या मुलाची त्याच्याशी गाठच पडत नाही. गंमत अशी की ‘फिलॉसॉफी’ या शब्दाने ज्यांच्या भुवया उंचावतात, त्यांच्याच मदरशांतून दर्से निजामीचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या मन्तिक शिकत आले आहेत. त्यांच्या ‘ईसागोजी’ या आरंभीच्या पुस्तकाचे नावच मुळी ग्रीक आहे.

पहिला धडा मात्र ग्रीसमधून आणण्याची गरज नाही. हिजरी सन 10 मध्ये प्रेषितांचे (स.) तान्हे पुत्र इब्राहीम (रजि.) निवर्तले आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. वाचकहो, त्या क्षणाचा विचार करा. पुत्रशोक ताजा आहे, लोकांचा समज आपला गौरवच वाढविणारा आहे, नुसते मौन पाळले तरी पुरे. तरीही चुकीचा निष्कर्ष त्यांनी दुरुस्त केला. दोन घटना एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा तर्कशास्त्राचा प्राथमिक नियम येथे आहे. दावा आपल्या बाजूचा असला तरी तो तपासावा, ही त्याहून अवघड शिकवणही येथेच आहे. सोयीचे संदेश न तपासता पुढे पाठविणाऱ्या आपणा वडीलधाऱ्यांनाही ती लागू पडते.

इमाम गझाली (रह.) यांनी तत्त्ववेत्त्यांचे कठोर खंडन केले हे सर्वांना ठाऊक असते, पण खंडनापूर्वी त्यांनी तो विषय मुळापासून अभ्यासला, हे सांगितले जात नाही. ग्रहणाचे सिद्ध गणित धर्माच्या नावाने नाकारणारा मनुष्य धर्माचेच नुकसान करतो, असे त्यांनी बजावले आहे.

मुले विचार करू लागली तर ईमान डळमळेल, ही पालकांची भीती मी क्षुल्लक मानीत नाही. अर्धवट शिकलेला तर्क मुलाला केवळ वाद जिंकण्याची चटक लावतो, हे खरे आहे. परंतु मृतांना तू कसे जिवंत करतोस ते मला दाखव, अशी विनंती ह. इब्राहीम (अ.) यांनी केली. ईमान असूनही हृदयाच्या समाधानासाठी त्यांनी ती केली, असे कुरआन सांगतो, आणि त्यांना उत्तर मिळाले. तेव्हा प्रश्न आणि इन्कार यांत फरक आहे. तो ओळखणारा शिक्षक हवा. गैबच्या गोष्टींत बुद्धी कोठवर जाते हे सांगणारा, आणि इमाम मालिक (रह.) यांच्याप्रमाणे ‘मला ठाऊक नाही’ असे भर वर्गात म्हणू शकणारा.

रविवारच्या मकतबमध्ये थोरल्या मुला-मुलींसाठी एक तास काढता येईल. ॲरिस्टॉटलचे नाव नको, पुस्तकही नको. फळ्यावर ग्रहणाचा प्रसंग लिहावा आणि विचारावे: लोकांचे नेमके कोठे चुकले?