आयसीयूतल्या सिस्टरची प्रार्थना

देवा, धानाची रोवणी सुरू झाली. आमगाव, सालेकसा, देवरीकडून आता मण्यार चावलेले पेशंट येऊ लागतील. रात्री जमिनीवर निजलेल्याला ती चावते, सूज नाही, फारसं दुखतही नाही. म्हणून आधी मांत्रिक, मग पीएचसी आणि मग गोंदियात आम्ही. तोवर पापण्या उघडत नाहीत, श्वास आटत आलेला असतो. पण व्हेंटिलेटरवरच्या त्या माणसाला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या उशाशी कुणी ‘हा काही वाचत नाही’ म्हणालं, तर त्याला गप्प करायचं बळ मला दे. बोलणारे मोठे डॉक्टर असले तरी.

दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, सक्शन करायचं, लघवी मोजून चार्टवर लिहायची. आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. खाटांपाशी पोचेपर्यंत ते गणित विस्कटतं. इकडे सक्शन सुरू असतं नि तिकडे दुसऱ्या बेडचा अलार्म वाजतो. रात्रभर ऐकून कान बधिर होतात रे. खोट्या अलार्ममधून खरा ओळखणारा कान तेवढा शाबूत ठेव.

बाहेर कुणी गोंडीत रडतं, बालाघाटहून आलेलं कुणी पोवारीत विचारतं. शिव्या मात्र सगळ्यांच्या मला कळतात. दारात मीच असते ना.

शेजारच्या भंडाऱ्याला 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात शिशू कक्ष पेटला, 10 बाळं गेली. त्यांना तुझ्यापाशी सांभाळ. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा आयसीयू जळला, किमान 11 पेशंट गेले. दोन्हीकडे गुन्हा दाखल झालेल्यांत नर्स होत्या. कुणाची चूक किती, ते तू जाणे, कोर्ट जाणे. पण भंडाऱ्याच्या आधी जेमतेम दहा महिने लोकांनी कोरोनात आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या, हे मी विसरलेली नाही. आणि वायरिंग तपासणं सिस्टरच्या ड्यूटीत कधी आलं, एवढं तुला विचारते.

आम्हाला कुणी देवी म्हणू नये, ती जागा तुझी. आम्हाला माणसं दे, प्रत्येक व्हेंटिलेटरपाशी एक. आणि ते तुझ्या हातात नसेल, तर ज्यांच्या सहीने भरती होते त्यांना एकदा आमच्यासोबत नाईट करायला पाठव.