पाण्याचे देणे

चैत्र-वैशाखाचे दिवस आले की नाशिकच्या चौकाचौकांत पाणपोया दिसू लागतात. ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले रांजण, साखळीने बांधलेला पेला आणि वर देणगीदाराच्या नावाची पाटी. तहानलेल्याला पाणी पाजणे हे पुण्यकर्म आहे, हे आपल्या मातीत कोणाला शिकवावे लागत नाही. आपल्या ख्रिस्तसभेनेही दयेच्या सात शारीरिक कृत्यांमध्ये भुकेल्याला अन्न देण्याबरोबरच तहानलेल्याला पाणी देण्याची गणना केली आहे.

परंतु मराठीतील 'देणे' हा शब्द आपल्याला थोडे थांबवतो. एका अर्थाने देणे म्हणजे आपल्या मालकीची वस्तू स्वखुशीने दुसऱ्याच्या हाती ठेवणे. दुसऱ्या अर्थाने देणे म्हणजे फेडावयाचे कर्ज. वाण्याचे देणे, सावकाराचे देणे असे आपण म्हणतो ते. पहिल्या देण्यात देणाऱ्याचा हात वर असतो, दुसऱ्यात त्याची मान खाली असते. तहानलेल्याला आपण पाणी देतो ते यांपैकी कोणत्या अर्थाने? प्रश्न वरवर शब्दांचा वाटेल. आम्हांला मात्र तो एका बंद पडलेल्या हातपंपापाशी उभे असताना पडला आणि तेव्हापासून त्याने आमचा पिच्छा सोडलेला नाही.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेचे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे तालुके म्हणजे पावसाचे माहेर. इगतपुरीला वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून पूर्वेच्या समुद्राला मिळते, तर त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा पश्चिमेच्या समुद्राकडे जाते. असे असूनही होळी सरली की इथल्या पाड्यांवरच्या बायका हंडे-कळश्या घेऊन दऱ्या उतरू लागतात. याचे कारण दैवी कोपात नाही. ते भूमीच्या रचनेत आहे. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर बसून बनलेला काळा पाषाण आहे. भेगा आणि सांधे सोडले तर पाणी साठवायला त्याच्या पोटात जागा नाही. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि तिला धरून ठेवणारी झाडीही आता विरळ झालेली. चार महिने कोसळलेले पाणी घटकाभरही न थांबता खाली धावते, आणि उन्हाळ्याच्या तोंडी झरे आटतात.

खाली मात्र त्या पाण्याला अडवणारे हात आहेत. इगतपुरी तालुक्यातील ऊर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. गोदावरीवरील गंगापूर धरणाचे पाणी आम्ही नाशिककर पितो. धरणे बांधली यात गैर काही झाले असे आम्हांला म्हणावयाचे नाही. शहरांनाही तहान असतेच. पण ज्या डोंगरांनी हे पाणी अंगावर झेलले, तिथलीच माणसे वाटीवाटीने पाणी उपसत बसतात, ही गोष्ट नळाखाली हात धुताना आपल्या ध्यानात राहत नाही.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी ठरवले की, या वर्षीचा त्याग एका पाड्याच्या पाण्यासाठी करावयाचा. मुलांनी खाऊचे पैसे दिले, बायकांनी घरखर्चातून बाजूला काढले. पाड्याच्या खालच्या अंगाला कूपनलिका खोदली, हातपंप बसवला. उद्घाटनाच्या दिवशी प्रार्थना झाली, हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली. ओट्यावर संगमरवरी पाटीही बसली. परत येताना गाडीत आम्ही गाणी म्हटली. ती छायाचित्रे अद्याप आमच्या सभागृहात लावलेली आहेत.

त्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात सहज त्या बाजूला गेलो, तो पंपाचा दांडा गंजून निश्चल झालेला. पंप सहा-सात महिन्यांपासून बंद होता. बायका पुन्हा ओढ्याच्या पात्रातील झिऱ्यावर जात होत्या. शेजारीच गुरेही पाण्यावर उतरत होती. एका म्हाताऱ्या बाईने आम्हांला ओसरीवर बसवले आणि तांब्याभर पाणी पुढे केले. पाणी गढूळसर होते. आमच्या गाडीत विकतच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. आमच्यापैकी काहींनी तांब्या नुसता ओठांना लावल्यासारखे केले आणि खाली ठेवला. तिने ते पाहिले असावे. ती काही बोलली नाही. तेच पाणी तिची नातवंडे रोज पीत होती.

आम्ही थोड्या रागानेच विचारले, "पंप बिघडला तर कळवले का नाही? निदान खोलून तरी पाहायचे!"

ती म्हणाली, "पंप तुमचा ना, बाबा? तुमचं नाव लिवलंय त्यावर. तुमच्या वस्तूला आम्ही कसा हात लावायचा?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. आम्ही पंप दिला असे दोन वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात तो आमच्या हातून कधी सुटलाच नव्हता. जागा आम्ही निवडली होती, कंत्राटदार आम्ही आणला होता, पाटी आमची होती. पाड्याला कोणी काही विचारले नव्हते. ज्या दानावर देणाऱ्याचे नाव राहते, ते घेणाऱ्याचे होत नाही. पुढे तालुक्याहून मेकॅनिक आणला. त्याने पाइप वर काढला, तर खालच्या नळकांड्यातील रबरी वायसर झिजलेला निघाला. दुरुस्तीला जो खर्च आला, तो उद्घाटनाच्या हारतुऱ्यांवर आणि चहापाण्यावर आम्ही केलेल्या खर्चापेक्षा कमी होता.

या हातपंपाचीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. १९६० च्या दशकातील दुष्काळांत खडक फोडणारी यंत्रे आली आणि गावोगाव कूपनलिका झाल्या. त्यांवर बसवलेले पंप मात्र ओतीव लोखंडाचे होते. एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले ते यंत्र अख्ख्या गावाच्या हाताखाली टिकेना. नवे पंप बसत आणि मागचे मोडून पडत. तेव्हा जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या पाणीकामातून अधिक मजबूत पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपामागे तर शाळेत यंत्रविद्या न शिकलेल्या एका देशी कारागिराची बुद्धी होती. त्या अनुभवाच्या पायावर १९७० च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांच्या प्रयत्नांतून 'इंडिया मार्क टू' हा पंप सिद्ध झाला. आज तो आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला आहे. त्याच खंडात, केनिया आणि टांझानियाच्या माळरानांवर, मसाई पशुपालकांच्या बायका आपल्या पाड्यांवरच्या बायकांसारख्याच पाण्यासाठी कोसचे कोस चालतात, आणि दुष्काळात गुरे व माणसे एकाच डबक्यावर येतात. तेथील पाण्याच्या योजनांपुढेही हाच प्रश्न उभा असतो की, देणारे निघून गेल्यावर यंत्र सांभाळावयाचे कोणी? पुढे 'मार्क थ्री' हा पंप आला तो याच विचारातून. त्याचे आतले भाग जड अवजारांवाचून गावकऱ्यांनाच वर काढता यावेत, अशी त्याची रचना केली गेली. अभियंत्यांना जे उमगले ते आम्हां धर्मशील माणसांना उमगायला वेळ लागला. ज्याला वस्तू वापरावयाची आहे, त्याला ती दुरुस्त करता आली पाहिजे. तोपर्यंत ती त्याची नव्हे.

आपल्याच जिल्ह्यातील आणखी एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्यावरील बायका खोल तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जात. त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, राज्यभर हळहळ व्यक्त झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल झाला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यातील पुरात तो वाहून गेला आणि लोकांना पुन्हा बल्ल्यांचा आधार घ्यावा लागला. यात कोणाच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. पण आपली करुणा छायाचित्र पाहून जागी होते आणि दुसरे छायाचित्र निघाले की निजते, हे मान्य केले पाहिजे. तहान मात्र रोज लागते.

येथे काही वाचक म्हणतील, हे काम शासनाचे आहे. आपण कर भरतो. म्हणणे रास्त आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनचे ध्येय ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे आहे. २०२४ ही ठरवलेली मुदत नंतर २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. शासनाने आपले काम करावे, आणि ते करत नसेल तर नागरिक म्हणून आपण विचारावे. परंतु नळ म्हणजे पाणी नव्हे. उगम आटला तर नळही कोरडा. उगमाची, झाडीची, झऱ्याची राखण कोणा एका खात्याला कधीच पुरी करता येणार नाही.

दुसरे काही म्हणतील, सगळे 'देणे लागते' म्हटले की लोकांना फुकटाची सवय लागते. आमचा अनुभव नेमका उलट आहे. हात पसरायला लावते ते दान. देणेकरी जेव्हा देणे फेडतो, तेव्हा घेणारा ताठ मानेने मोजून घेतो आणि आपली वस्तू जपतो. पाड्यावरची माणसे आळशी नव्हती. ती आमच्या पाटीचा मान राखत होती.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत आपल्या सवयींपेक्षा कठोर आहे. सृष्टीतील संपदा परमेश्वराने सर्वांसाठी निर्मिली, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये पुन्हा निक्षून सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला आणि ज्यांना ते मिळत नाही, त्या गरिबांचे जग देणे लागते, असा आशय मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१० मध्येच पाण्याला मानवी हक्क म्हणून मान्यता दिली होती. आपल्या महाराष्ट्राने तर हा धडा आणखी आधी गिरवला आहे. १८६८ मध्ये महात्मा फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या दिवशी तळ्यावर गेलेल्यांनी पाणी मागितले नाही. ते आपलेच आहे म्हणून ओंजळीत घेतले.

आणि प्रभू येशूचे उदाहरण? शोमरोनातील सूखार गावी, याकोबाच्या विहिरीवर, भर दुपारी तो थकून बसला होता. त्याच्यापाशी पोहरा नव्हता. जिच्या हातचे पाणी त्याच्या समाजाने घेतले नसते, अशा बाईकडे त्याने पाणी मागितले. जिवंत पाण्याचा दाता प्रथम याचक झाला. आम्ही पाड्यावर गेलो ते दाते म्हणून. त्या म्हातारीपाशी काही मागावे असे आम्हांला सुचलेच नाही, आणि तिने आपण होऊन दिले ते आम्हांला पिता आले नाही. त्या दिवशी त्या ओसरीवर खरे दान एकच झाले, आणि ते आम्ही केलेले नव्हते.

उत्पत्तीच्या पुस्तकातील इसहाकाची कथाही आम्ही अलीकडे वेगळ्या नजरेने वाचतो. तोही गुराढोरांमागे फिरणारा माणूस. अब्राहामाच्या काळातील विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि त्यांना बापाने ठेवलेलीच नावे दिली. आपले नाव त्याने त्यांवर घातले नाही. अब्राहामाच्या मोठ्या श्रद्धेपुढे मुलाचे हे काम लहान वाटते. पण बुजलेली विहीर पुन्हा उकरणे हीसुद्धा श्रद्धाच आहे.

पाड्यावरचा पंप आता चालू आहे. पाड्याने आपली पाणीसमिती नेमली आहे. तिच्यातील दोन बायका पंप खोलायला व जोडायला शिकल्या आहेत. घरटी थोडे पैसे जमतात, त्यांतून वायसर आणि साखळी आणून ठेवली जाते. वरच्या उतारावर पाणी मुरावे म्हणून चर खणले, त्या कामाला आम्हीही गेलो. कुठे खणावयाचे ते मात्र त्यांनी दाखवले. मे महिन्याच्या अखेरीस कूपनलिकेचे पाणी अजूनही खोल जाते आणि काही दिवस टँकरची वाट पाहावी लागते. देणे फिटले असे आम्हांला म्हणता येत नाही.

संगमरवरी पाटी आमच्या विनंतीवरून काढण्यात आली. बायकांनी ती फेकली नाही; ओट्यापाशी पालथी टाकून तिच्यावर त्या हंडा टेकवतात. मागच्या वेळी गेलो तेव्हा त्याच म्हातारीने पाण्याचा तांब्या पुढे केला. आम्ही तो रिकामा करून तिच्या हाती परत दिला.