तापमापक आणि साक्षी

तापमापक तापमान मोजतो, म्हणजे वस्तूशी उष्णतेची देवाणघेवाण करतो. उदाहरणार्थ, भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणीत हवा तपासताना पाऱ्याच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळतात; पारा हळूहळू उतरतो, स्थिरावतो. बोगद्यातल्या हवेला त्याचा पत्ताही लागत नाही.

सूक्ष्म कंपकाचे, म्हणजे सतत कंपणाऱ्या इवल्याशा वस्तूचे, तसे नाही. 2010 मध्ये अमेरिकेत सांता बार्बरा येथील भौतिकशास्त्रज्ञांनी सेकंदाला सुमारे 6 अब्ज वेळा कंपणारा पातळ पापुद्रा निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केला आणि त्याला तापमापक म्हणून क्यूबिट, म्हणजे ऊर्जेचा एकेक पुंज घेऊ-देऊ शकणारे दोन अवस्थांचे पुंज-मंडल, जोडला. थंड पापुद्र्यापाशी देण्याजोगी ऊर्जाच उरली नव्हती, म्हणून क्यूबिट जवळजवळ रिकामाच राहिला. त्या रितेपणातच तापमान वाचता आले. उलट, क्यूबिटने ऊर्जेचा एकच पुंज दिला की पापुद्र्याची ती शांत अवस्था मोडते.

यावरून अनेकजण घाईने म्हणतात की पाहणाऱ्याची जाणीवच जग बदलते. हे चूक आहे. इथे बदल घडवते ती ऊर्जेची देवघेव. मग पाहायला कोणी असो वा नसो.

सांख्य दर्शनाने ही गफलत फार पूर्वी टाळली. त्यात पुरुष हा असंग साक्षी. बुद्धी आणि इंद्रिये मात्र प्रकृतीचीच. क्यूबिट याच दुसऱ्या बाजूला बसतो. तो वस्तूला स्पर्श करून जाणतो, म्हणून अलिप्त राहू शकत नाही. साक्षी आहे की नाही, हे त्याच्या नोंदीवरून ठरत नाही.