आठवा अध्याय कोणी वाचायचा?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, त्यामुळे दिल्लीतल्या मराठी माणसाचं पाऊल अधूनमधून तिकडे वळतंच. त्या दिवशी चूना मंडीतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं. विषय होता, नवऱ्याने बायकोवर केलेली बळजबरी बलात्कार मानावी का. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मे २०२२ मध्ये याच प्रश्नावर एकमेकांविरुद्ध निकाल दिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तेव्हापासून आमच्या मंडळींत हा वाद धुमसतो आहे. वक्त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. त्यावर निळ्या शाईत मनुस्मृतीचा अध्याय आणि श्लोक लिहिलेला: नऊ, सेहेचाळीस. विकली किंवा टाकून दिली तरी पत्नी पतीपासून सुटत नाही, असा त्याचा आशय. ‘हा आपला कायदा,’ ते म्हणाले, ‘बाकी सगळं बाहेरून आणलेलं.’

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. वयात आलेल्या मुलीने तीन वर्षं वाट पाहावी आणि मग आपला वर आपणच निवडावा, असंही त्याच अध्यायात आहे, त्याचं काय, असं तिने विचारलं.

‘ते त्या काळापुरतं होतं, बेटा.’

माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. एकाच अध्यायातला एक श्लोक सनातन आणि दुसरा त्या काळापुरता, हे ठरवलं कोणी? ज्याला त्याचा काच होत नाही, त्याने.

आधी ‘बाहेरून आणलेलं’ म्हणजे काय ते पाहू. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला, तेव्हा दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अशी सक्ती हिंदू धर्मशास्त्रात नाही, ती इंग्लंडातून आलेली आहे, हे त्या इंग्रज न्यायाधीशाने स्पष्ट सांगितलं. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करीन, असं रखमाबाईंनी कळवलं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत-राजकोटात त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली.

त्या काळात आपल्याकडच्या सनातनी पत्रांनी, ‘केसरी’नेही, रखमाबाईंना झोडपलं ते धर्म बुडाला म्हणून. पण नांदत नाही म्हणून बायकोला तुरुंगात घाला, असं कुठल्या स्मृतीत लिहिलंय? वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हा दावा मुळात इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांचा. इंग्लंडने १९७० मध्ये तो रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात तो १९५५ पासून कलम ९ म्हणून बसला आहे. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, तर लवकरच दिल्ली उच्च न्यायालयाने आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने त्याला अभय दिलं. तुरुंग गेला, मालमत्तेची जप्ती राहिली. चूना मंडीतल्या हॉलमध्ये ज्याला ‘आपला’ म्हणून टाळ्या पडल्या, त्या हक्कामागचं कायद्याचं बळ असं विलायती पाद्र्यांकडून आलेलं आहे.

आता आठवा अध्याय. कार्डावरच्या श्लोकाआधीची थोडी पानं उलटली की तिथे व्याजाचे नियम आहेत. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. हीच आपली दामदुपट. मुंबई इलाख्यातली न्यायालयं हिंदू ऋणकोला तिचा आधार देत आली. त्या दिवशी माझ्या शेजारी विट्याकडचे एक गलाई कारागीर बसले होते. करोलबागेत सोनं गाळण्यात त्यांचा जन्म गेला. दीड लाखाच्या कर्जावर सावकार एक लाख ऐंशी हजार थकलेलं व्याज मागत होता. मी दामदुपट सांगितली तेव्हा त्यांनी खिशातली पावती काढून तिच्या पाठीवर श्लोकाचा आकडा लिहून घेतला. दिल्लीत ती लागू नाही, हेही मला सांगावं लागलं. त्यांनी पावतीची घडी घातली. ‘मग बायकांचा तेवढा लागू होतो का हो?’ असं त्यांनी विचारलं.

धर्मशास्त्र कसं वाचावं हे मी महामहोपाध्याय पां. वा. काण्यांकडून शिकलो. हा माणूस मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारा, राज्यसभेचा सभासद म्हणून या दिल्लीतही वावरलेला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे खंड १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं निघत राहिले. त्यातलं कलिवर्ज्याचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचतो. नियोग, समुद्रप्रवास, मधुपर्कातला गोवध, अशा पन्नासहून अधिक गोष्टी, ज्यांतल्या कित्येक पूर्वी शास्त्राला मान्य होत्या, त्या आपल्याच निबंधकारांनी कलियुगात वर्ज्य ठरवल्या. म्हणजे जुना नियम आता चालणार नाही, असं जाहीरपणे, कारण देऊन सांगण्याची रीत आपल्या परंपरेत होती. वक्त्यांनीही तेच केलं, फक्त चोरून. कलिवर्ज्य सांगणारा निदान यादी करून समोर ठेवतो. हे यादी लपवतात.

म्हणूनच जुलै २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विधी शाखेतून मेधातिथीच्या भाष्यासह मनुस्मृती वाचनासाठी नेमण्याचा प्रस्ताव आला आणि कुलगुरूंनी तो फेटाळला, तेव्हा माझे मित्र खूश झाले, मी झालो नाही. मेधातिथीने सती जाणं शास्त्रसंमत मानलेलं नाही. विद्यार्थ्यांनी तो वाचला असता, तर कार्डवाल्यांची पंचाईत झाली असती. मनुस्मृती वाचायची तर अख्खी वाचावी, तिच्या भाष्यकारांशी भांडत वाचावी.

इथवर लिहिलं आणि मला थांबावं लागलं. कारण श्लोक निवडण्याचं काम आम्हीही केलं आहे. विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी पराशर काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात रा. गो. भांडारकरांनी गर्भाधानाची वचनं काढून टिळकांना तोंड दिलं. मीही वर्षानुवर्षं वचनाला वचन देऊन सभा जिंकल्या आणि त्यात धन्यता मानली. त्या मुलीचा प्रश्न ऐकून मीही मनात ‘वा’ म्हटलं होतं. पण तिचा श्लोक मनूत नसता तर? तर तिचा हक्क कमी झाला असता का?

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळणाऱ्या आंबेडकरांनी १९४९ मध्ये इथेच, दिल्लीत, हिंदू कोड बिलावर बोलताना घटस्फोटासाठी कौटिल्याचा आणि पराशराचा हवाला दिला. पूर्वी मला ही तडजोड वाटायची. आता वाटत नाही. त्याच भाषणात त्यांनी शूद्र म्हणवल्या गेलेल्या बहुसंख्य समाजाची काडीमोडीची चालत आलेली रूढी पुढे केली. वचन विरोधकाच्या समाधानासाठी होतं. माणसाच्या हक्काचा पाया त्यांनी स्मृतीत शोधला नाही, तो राज्यघटनेत घातला. आम्ही मात्र वचनालाच पाया समजून बसलो, आणि समोरच्याने दुसरं वचन काढलं की गडबडलो.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी जिन्यात भेटली. श्लोकांची यादी मागेल असं वाटलं, आणि मी देणार नव्हतो. मी तिला रखमाबाईंचं सांगितलं. तिने ते नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. ‘पहिला निकाल कोणत्या साली?’ तिने मोबाइल काढत विचारलं. १८८५, पिन्हे, मी म्हणालो, आणि ‘पिन्हे’ कसं लिहायचं ते तिला अक्षर अक्षर सांगत आम्ही रामकृष्ण आश्रम मेट्रोपर्यंत चालत गेलो.