वाचणे आणि नजर टाकणे

एखाद्याने लिहिलेले शेवटपर्यंत न वाचता त्यास उत्तर देणे, हा दोष म्हणावा काय? दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटला असता.

मेरीॲन वुल्फ या अमेरिकन विदुषी वाचनाचा आणि मेंदूचा संबंध अभ्यासतात. मनुष्य बोलण्याची शक्ती घेऊन जन्मतो, वाचनाची नव्हे. लिपी जेमतेम पाच-सहा हजार वर्षांची. प्रत्येक बालकाच्या मेंदूला वाचनाची वाट नव्याने पाडावी लागते. वापराने पडलेली वाट वापराअभावी बुजतेही. 'रीडर, कम होम' या २०१८ च्या पत्ररूप ग्रंथात त्यांनी स्वतःचीच कबुली दिली आहे. पूर्वी प्रिय असलेली हेर्मान हेसे यांची 'द ग्लास बीड गेम' ही १९४३ ची कादंबरी त्यांनी पुन्हा उघडली, आणि ती त्यांना वाचवेना! दिवसभर पडद्यावर धावणारी नजर कागदावरही धावू लागली होती. पुढे रोज वीस मिनिटे नजरेला लगाम घालून त्यांनी ती वाचली. पडद्याला मात्र त्या शत्रू मानीत नाहीत. मुलांना दोन्ही तऱ्हांचे वाचन यावे, असेच त्यांचे म्हणणे आहे.

आम्ही अधिक अंतर्मुख झालो ते दुसऱ्याच एका गोष्टीने. नोटर डेम विद्यापीठात पूर्वी शिकवीत असलेले धर्मगुरू जॉन डन यांची एक कल्पना त्या उसनी घेतात: 'पलीकडे जाणे'. वाचताना आपण स्वतःस मागे ठेवून दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरतो आणि परततो ते थोडे बदलून. यास वेळ लागतो. नुसते दिसणे पुरेसे नसते. यरीहोच्या वाटेवरील याजकालाही तो जखमी माणूस दिसला होताच की!

याजकाचा उल्लेख आम्ही हेतुतः केला. गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीने भ्रमणध्वनीवर लांबलचक मजकूर पाठवला. पहिल्या चार ओळी सासूबाईंच्या आजारपणाच्या होत्या. 'प्रार्थना करतो' असे उत्तर धाडून आम्ही मिस्सासाठी निघालो. रात्री निजण्यापूर्वी तो मजकूर पुन्हा समोर आला. अखेरीस तिने लिहिले होते, "घरात हे कोणाला सांगता येत नाही. फादर, आज संध्याकाळी येऊन जाल का?"

हेच कागदावर लिहून आले असते, तर आम्ही शेवटपर्यंत वाचले असते काय? बहुधा वाचले असते. सेमिनरीत जडलेली सवय कागदापुरती तरी शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. तिने चहा केला, सासूबाईंच्या औषधांविषयी बोलली. त्या शेवटच्या ओळींचा विषय तिने काढला नाही. तो आम्हांलाच काढावा लागला.