तिसऱ्याची ठेव

सांगली-मिरजेकडची एखादी पॅथॉलॉजी लॅब घ्या. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं आलेली असतात. काउंटरवरची मुलगी नाव, वय, मोबाईल नंबर विचारते, संगणकात भरते आणि म्हणते, "काका, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येईल." काका मान डोलावतात. त्यांच्या हिशेबाने नंबर लॅबला दिला, रक्त लॅबला दिलं, आता साखर किती निघाली ते लॅबला आणि आपल्याला कळेल. प्रत्यक्षात लॅबचं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने घेतलेलं असतं. ते चालवणारी कंपनी पुण्यात किंवा बंगळुरूत असते. तिने जागा घेतलेली असते ती आणखी कुणाच्या तरी सर्व्हरवर, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप पाठवायचं काम तिने चौथ्याच कंपनीला दिलेलं असतं. काकांची साखर या सगळ्यांच्या हातांतून जाते. त्यांतल्या लॅबशिवाय कुणाचंही नाव काकांनी ऐकलेलं नसतं आणि त्यांच्यापैकी कुणाशीही काकांचा करार नसतो.

सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे. सॉफ्टवेअर कंपनी आणि तिचा व्यावसायिक ग्राहक यांच्या करारावर दोन सह्या असतात. पण त्या कराराखाली जी माहिती इकडून तिकडे जाते, ती त्या दोघांपैकी कुणाचीच नसते. ती तिसऱ्याची असते आणि तो तिसरा बैठकीला नसतो. अशी माहिती कशी हाताळायची, हे ठरवताना दर वेळी त्या गैरहजर माणसाला समोर बसवावं लागतं. तो नजरेआड झाला की चांगले करारही कोरडे पडतात.

नातं तसं जुनंच आहे. समजा, शेजारणीने गावाला जाताना तिच्या पाटल्या विश्वासाने आपल्याकडे ठेवल्या आणि सांगून गेली की जमलं तर तेवढ्या सोनाराकडून उजळून आणा. आपण त्या सोनाराला दिल्या. सोनाराने सांगितलं तेवढंच काम करायचं, दरम्यान नीट सांभाळायचं आणि काम झालं की परत द्यायचं. पाटल्या गहाळ झाल्या तर शेजारीण सोनाराला नाही, आपल्याला विचारणार. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १४८ पासून पुढे अशा सोपवलेल्या वस्तूंचे नियम आहेत. युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं २८ वं कलम वाचताना तोच सूर ऐकू येतो: प्रोसेसरने, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने माहिती हाताळणाऱ्याने, लेखी सूचनांपलीकडे जायचं नाही, माहिती सुरक्षित ठेवायची, काम संपलं की परत करायची किंवा पुसून टाकायची.

दाखला इथवरच चालतो. सोनाराने पाटल्या परत केल्या की त्याच्याकडे त्या उरत नाहीत. माहिती परत केली तरी उरते. रोज रात्रीच्या बॅकअपमध्ये ती असते. चूक शोधण्यासाठी ठेवलेल्या लॉगमध्ये असते. एखाद्या लॅबने तक्रार केली की "बिलात नाव चुकीचं येतंय", तर सपोर्टमधला मुलगा शंभर रुग्णांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घेतो, चूक सापडते, तिकीट बंद होतं आणि ती एक्सेल त्याच्या लॅपटॉपवर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहते. नवं फीचर तपासायला खोटा डेटा तयार करणं कंटाळवाणं असतं, म्हणून खऱ्या डेटाबेसचा डंप टेस्ट सर्व्हरवर चढवला जातो, आणि टेस्ट सर्व्हरवर खऱ्याइतका पहारा क्वचितच असतो. यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. जो तो आपलं काम लवकर उरकत असतो. पण एवढ्यात काकांची साखर चार जागी जाऊन बसते, आणि करारात लिहिलेली जागा त्यांतली एकच असते.

म्हणून, माहिती कुणाच्या सर्व्हरवर आहे यापेक्षा ती कशासाठी वापरायची हे कोण ठरवतं, हा प्रश्न मोठा आहे. युरोपच्या कायद्याची विभागणी यावरच उभी आहे. हेतू ठरवतो तो कंट्रोलर. त्याच्या वतीने राबतो तो प्रोसेसर. प्रोसेसरने स्वतःच हेतू ठरवायला सुरुवात केली, तर त्या कामापुरता तोच कंट्रोलर मानला जातो आणि सगळी जबाबदारी त्याच्यावर येते. सॉफ्टवेअर कंपनीला खरा मोह इथेच पडतो. हजारो लॅबचे रिपोर्ट एकाच जागी गोळा झाले की कुणाला तरी वाटतंच, यातून काहीतरी चांगलं घडवता येईल. आता एआयचं मॉडेल शिकवता येईल. ऑगस्ट २०२३ मध्ये झूमच्या अटींमधला असाच मजकूर लोकांच्या लक्षात आला, आरडाओरडा झाला आणि कंपनीला त्या अटी बदलाव्या लागल्या. कल्पना उपयोगी असेलही. पण ती राबवण्याची परवानगी लॅबसुद्धा परस्पर देऊ शकत नाही, कारण काकांनी नंबर दिला तो रिपोर्ट मिळावा म्हणून.

हात वाढत गेले की काय होतं, ते २०२३ च्या उन्हाळ्यात दिसलं. ब्रिटिश एअरवेज, बीबीसी आणि बूट्स यांच्या नोकरदारांची माहिती चोरीला गेली. यांपैकी एकाही संस्थेत चोर शिरला नव्हता. त्यांच्या पगारपत्रकांचं काम झेलिस नावाच्या कंपनीकडे होतं, झेलिस मोठ्या फाइली पाठवण्यासाठी मूव्हइट नावाचं सॉफ्टवेअर वापरत होती आणि भगदाड मूव्हइटमध्ये होतं. विमानातल्या कर्मचाऱ्याने मूव्हइट हा शब्द तोवर कशाला ऐकला असेल? सब-प्रोसेसर, म्हणजे प्रोसेसरने पुढे काम दिलेली कंपनी, नेमण्याआधी ग्राहकाची लेखी परवानगी घ्या, असं जीडीपीआर सांगतो. बऱ्याच कंपन्या आपल्या सब-प्रोसेसरांची यादी जाहीर करतात. ती यादी ग्राहकाने उघडून पाहिली तरच तिचा उपयोग.

पुसण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त हयगय तिथे होते. ब्लॅकबॉड ही अमेरिकी कंपनी विद्यापीठं, रुग्णालयं, धर्मादाय संस्था यांना देणगीदारांचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर देते. फेब्रुवारी २०२० मध्ये एका चोराने तिच्या एका ग्राहकाच्या लॉगिनवरून आत प्रवेश मिळवला आणि मे महिन्यापर्यंत तो आतच होता. तेरा हजारांहून अधिक संस्थांच्या माहितीला झळ पोचली. कंपनीने २४ बिटकॉइनची खंडणी दिली आणि जुलैमध्ये ग्राहकांना कळवलं, तेव्हा बँक खात्यांचे तपशील आणि सोशल सिक्युरिटी नंबर गेलेले नाहीत असं सांगितलं. काही दिवसांतच तिच्याच तांत्रिक माणसांना कळलं की काही देणगीदारांचे ते तपशीलही गेले आहेत. पण ती गोष्ट वरपर्यंत पोचलीच नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे तिने ३० लाख डॉलर भरले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यांच्या महाधिवक्त्यांशी ४ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड केली. पुढे फेडरल ट्रेड कमिशनने आणखी एक गोष्ट पुढे आणली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात गंभीर आहे. सोडून गेलेल्या ग्राहकांचीच नव्हे, तर ग्राहक होतील अशी नुसती आशा असलेल्या संस्थांचीही माहिती कंपनीने वर्षानुवर्षं ठेवली होती. म्हणजे एखाद्या आजीने आपल्या कॉलेजला कधीतरी देणगी दिली, पुढे कॉलेजने सॉफ्टवेअर बदललं, आणि तरीही आजीचे तपशील त्या जुन्या कंपनीत राहून चोराच्या हाती लागले, असं घडायला पूर्ण वाव होता. करार संपला होता. ठेव मात्र परत गेली नव्हती.

दुसरी घटना ब्रिटनमधली. अ‍ॅडव्हान्स्ड नावाची कंपनी तिथल्या आरोग्यसेवेला सॉफ्टवेअर पुरवते. ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. इथेही चोर आला तो एका ग्राहकाच्या खात्यावरून. त्या खात्याला पासवर्डच्या जोडीला दुसरी खातरजमा नव्हती, म्हणजे आपण बँकेत साधा ओटीपी टाकतो तेवढीही आडकाठी नव्हती. १११ या आरोग्य हेल्पलाइनचं काम विस्कळीत झालं, डॉक्टरांना नोंदी दिसेनात. ७९,४०४ लोकांची माहिती गेली. त्यांतले ८९० जण घरच्या घरी सेवा घेणारे होते, आणि त्यांच्या नोंदीत सेवा द्यायला येणाऱ्याने घरात कसं शिरायचं हेही लिहिलेलं होतं. ती नोंद कुणाच्या भल्यासाठी झाली होती हे वेगळं सांगायला नको. नर्सला दार उघडता यावं म्हणून दिलेली माहिती, ज्याला कदाचित उठून दार लावताही येत नसेल अशा माणसाची. मार्च २०२५ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तालयाने कंपनीला ३० लाख ७० हजार पौंडांचा दंड केला. ब्रिटनच्या माहिती संरक्षण कायद्याखाली प्रोसेसरला थेट झालेला हा पहिला दंड. तोवर बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांचा समज होता की दंड झाला तर तो ग्राहकाला होईल, आपण फक्त यंत्र चालवतो.

आपल्याकडची मांडणी वेगळी आहे आणि ती प्रत्येक छोट्या व्यावसायिकाने समजून घ्यावी अशी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्यात हेतू ठरवणाऱ्याला डेटा फिड्युशियरी म्हटलं आहे. आपल्या उदाहरणात ती लॅब. कलम ८ स्पष्ट सांगतं की प्रोसेसरने तिच्या वतीने जे काही केलं त्याचीही जबाबदारी लॅबचीच, मग करारात काहीही लिहिलेलं असो. प्रोसेसर नेमायचा तर वैध करार करूनच नेमायचा. रुग्णाची माहिती पुसायची वेळ आली की प्रोसेसरकडूनही ती पुसून घेणं लॅबचं काम. माहिती फुटली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि प्रत्येक बाधित माणसाला कळवणं तिचंच काम. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. कायद्याची बहुतेक बंधनं थेट लॅबवर आहेत, आणि सॉफ्टवेअर कंपनीला ती लागतात मुख्यतः करारातून.

आता त्या कराराकडे पाहा. मोठ्या बँकेचा वकील कंपनीशी महिनाभर वाटाघाटी करतो. लॅबचे डॉक्टर मात्र नोंदणी करताना एका चौकटीत टिकमार्क करतात आणि पुढे जातात. माहिती फुटली तर कंपनीने लॅबला किती तासांत सांगायचं, हे त्या अटींमध्ये नसेल, तर लॅबला ते कधी कळेल याची शाश्वती नाही. एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा घटना सर्ट-इन या सरकारी संस्थेला सहा तासांत कळवाव्या लागतात, पण तो निरोप सरकारला जातो, लॅबला नाही. जबाबदारी दुबळ्याकडे आणि माहिती बलवानाकडे, अशी ही स्थिती आहे. मला हा आपल्या कायद्याचा कच्चा दुवा वाटतो. युरोपसारखी थेट बंधनं प्रोसेसरवरही घालायला हवी होती.

आपल्याला हे काम येत नाही असं कुणी म्हणू नये. २००५ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी खातेदारांचे पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले होते. त्या धक्क्यानंतर या उद्योगाने पुष्कळ सुधारणा केली, आणि २००८ मध्ये आयटी उद्योगाच्या नॅसकॉम या संघटनेने डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया ही वेगळी संस्थाच उभी केली. मोबाईल बाहेर ठेवून आत जायचं, पेनड्राइव्ह चालणार नाही, कागद आणायचा नाही, या शिस्तीत आपली एक पिढी नोकरी करून मोठी झाली. हिंजवडीत बसून जर्मन रुग्णाची नोंद हाताळणारा अभियंता प्रत्येक क्लिकचा हिशेब देतो, कारण युरोपातल्या ग्राहकाने करारात तसं लिहून घेतलेलं असतं. आपल्या कायद्याने परदेशी माणसांच्या अशा कामाला कलम १७ मध्ये बरीच सूट दिली आहे. जबाबदारी आणि सुरक्षा एवढी मात्र तिथेही सोडलेली नाही. तोच अभियंता त्याच इमारतीत मिरजेच्या काकांची नोंद हाताळतो तेव्हा ती शिस्त सैल का व्हावी? कौशल्य तेच, यंत्रं तीच. मागणारा मात्र इथे कुणी नसतो.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर वेळ आहे. लॅब, दवाखाना, शाळा, क्लास, पतसंस्था, हाउसिंग सोसायटी, असं काहीही चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की सॉफ्टवेअरचं पुढचं नूतनीकरण करण्याआधी कंपनीला एक ईमेल पाठवा. आमची माहिती आणखी कोणाकोणाकडे जाते, तुमच्या सपोर्टमधलं कोण ती उघडू शकतं, टेस्टिंगला खरा डेटा वापरता का, आम्ही सोडून गेल्यावर किती दिवसांत बॅकअपसकट पुसाल आणि पुसल्याचं पत्र द्याल का, फुटली तर किती तासांत सांगाल, हे त्यात विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका. लेखी मागा आणि कराराला जोडून ठेवा. आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर दुसरी कंपनी पाहा.