सल्ला आणि दायित्व

सल्ला देणे ही कृती आहे की केवळ उक्ती, हा नीतिविचारातील एक जुना प्रश्न आहे. ती उक्ती मानली, तर बोलणाऱ्याने मनापासून बोलावे एवढ्यावर त्याचे कर्तव्य संपते. ती कृती मानली, तर तिच्या फळाचा काही अंश सल्ला देणाऱ्याच्याही पदरी पडतो आणि तो त्याला झटकून टाकता येत नाही. एरवी हा प्रश्न विद्वानांच्या चर्चेपुरता राहिला असता. परंतु आज बावीस ते तीस वर्षे वयाची मुले-मुली आपल्या आयुष्यातील मोठे प्रश्न मोबाईलवरून सर्वस्वी अनोळखी माणसांना विचारू लागली आहेत. पहिल्या पगारातून किती शिल्लक टाकावी, कोणते शेअर घ्यावेत, हातची नोकरी सोडून स्पर्धापरीक्षेला आणखी एक वर्ष द्यावे की देऊ नये, हे ती विचारतात. आणि अनोळखी माणसे घटकाभरात उत्तरेही देतात. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला आहे.

जबलपूरच्या राइट टाउन भागात सायंकाळी स्टेडियमच्या बाजूने फेरी मारली, तर कानावर पडणाऱ्या संभाषणात हेच विषय अधिक असतात. रेल्वेची परीक्षा, बंगलोरची नोकरी, म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता, कोणा अदृश्य जाणकाराने सांगितलेला उद्याचा शेअर. हे ऐकून आमच्यातील वडीलधारी मंडळी हळहळतात. पोरांना पैशाचा लोभ सुटला आहे, घरातील माणसांवर विश्वास उरलेला नाही, असा त्यांचा निर्वाळा असतो. हा निर्वाळा मला अपुरा वाटतो.

त्या मंडळींच्या तारुण्यात हे प्रश्न त्यांना फारसे विचारावेच लागत नव्हते, कारण उत्तरे आधीच ठरलेली होती. या शहरात १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे. पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. रेल्वे होती, तारखाते होते, १९५६ पासून उच्च न्यायालय होते. कोठेतरी चिकटावे, भविष्यनिर्वाह निधीत रक्कम जमा होत राहावी आणि निवृत्तीनंतर पेन्शन मिळावे, अशी ती आखीव वाट होती. ज्याच्या वाटेला फाटाच नाही त्याला वाट विचारावी लागत नाही.

ती आखणी आता मोडली आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत रुजू झालेल्यांना, सैन्यदले वगळता, जुने पेन्शन नाही. त्यांच्या वेतनातून कापलेली रक्कम आणि सरकारचा वाटा बाजारात गुंतविला जातो. १ एप्रिल २०२५ पासून त्याला युनिफाइड पेन्शन स्कीमचा पर्याय आला. पंचवीस वर्षे सेवा झाल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, असे तिचे स्वरूप आहे. दोहोंपैकी काय पत्करावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. संरक्षण कारखान्यांचेही १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. सारांश, पूर्वी जे निर्णय संस्था घेत असे ते आता व्यक्तीच्या माथी आले आहेत. चोवीस वर्षांच्या मुलाला तीस-पस्तीस वर्षांनंतरच्या आपल्या म्हातारपणाचा हिशेब आजच मांडावा लागतो. तो सल्ला मागतो, यात लोभ थोडा आणि निरुपाय पुष्कळ आहे.

मग तो सल्ला वडिलांना का मागत नाही? याचे एक उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, लज्जेत आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात पैशाविषयी बोलणे हे काहीसे अप्रशस्त मानले गेले आहे. मुलाच्या गुणपत्रिकेतील प्रत्येक आकडा बापाला पाठ असतो. बापाच्या कर्जाचा आकडा मात्र मुलाला ठाऊक नसतो. घरात हप्ता चुकला तर दारे लोटून हलक्या आवाजात बोलणे होते. ज्या विषयावर वीस वर्षे मौन पाळले गेले, त्याच विषयावर मुलाने एकविसाव्या वर्षी मोकळेपणाने प्रश्न विचारावा, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. अनोळखी माणसापुढे अशी अडचण नसते. तेथे आपले नाव नाही, गाव नाही, अज्ञानाचे हसे होण्याची भीती नाही. स्वतःच्या कमाईचे खाते स्वतःच्या नावावर कसे ठेवावे, हा प्रश्न एखाद्या मुलीला सासरी किंवा माहेरी विचारण्यापेक्षा तेथे विचारणे सोपे वाटते. ही सोय क्षुल्लक नव्हे.

शिवाय घरचा सल्ला नेहमी शहाणपणाचा आणि निःस्वार्थी असतो, हेही खरे नाही. प्रत्येक भाच्या-पुतण्याला एकेक विमा पॉलिसी देणारे मामा-काका कोणत्या घराण्यात नव्हते? मुदतीचा विमा आणि बचतीची पॉलिसी यांतील भेद आजच्या अनेक तरुणांना कळला तो आप्तांकडून नव्हे, परक्यांकडूनच. १९६४ मध्ये सुरू झालेली युनिट ट्रस्टची यू.एस. ६४ ही योजना अनेक घरांत बँकेच्या ठेवीइतकी निर्धोक समजली जात असे. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांकरिता थांबविण्यात आली, तेव्हा वडिलांच्या शब्दावर त्यात पैसे ठेवलेल्यांची जी अवस्था झाली ती आठवणारे लोक अजून आहेत. तेव्हा आप्त तेवढा हितकर्ता आणि परका तेवढा लबाड, ही वाटणी टिकत नाही.

जबलपूरकरांना प्रवासातील सोबतीची एक जुनी कथा ठाऊकच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात विल्यम स्लीमन यांनी ठगांचा जो बंदोबस्त केला त्याचे हे शहर एक प्रमुख केंद्र होते. ठगांविषयीच्या त्या काळच्या वर्णनांत अतिशयोक्ती किती, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु त्या वर्णनांतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वाटसरूला फसविणारा इसम प्रथम त्याचा सोबती होई, आणि वाटसरू त्याला जवळ करी तो मूर्ख होता म्हणून नव्हे. रस्ता अनोळखी होता आणि सोबतीची गरज खरी होती म्हणून. गरज खरी असते, तेव्हाच फसवणूक साधते. आजच्या तरुणाला हसण्यापूर्वी आपण हे ध्यानात घेतले पाहिजे.

आता नाण्याची दुसरी बाजू. विचारणाऱ्याचे नाव झाकले की त्याची लज्जा जाते हे खरे. परंतु सांगणाऱ्याचे नाव झाकले, अथवा त्याचे विचारणाऱ्याशी नातेच नसले, की त्याचे दायित्वही जाते. एकाच पडद्याने दोन्ही कामे होतात. ‘फ्युचर्स आणि ऑप्शन्स’ या वायद्यांच्या व्यवहारासंबंधी सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे पाहावेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. तीस वर्षांखालील व्यक्तींचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते, ते पुढच्याच वर्षी ४३ टक्के झाले. २०२४-२५ मध्येही तोट्यात जाणारे ९१ टक्के होतेच.

शंभरांतील नव्वदांहून अधिक हरतात, तर मोबाईलच्या पडद्यावर जिंकणारेच का दिसतात? येथे पुन्हा लज्जाच आडवी येते. हरलेला मनुष्य बोलत नाही. वडिलांना सांगण्याची लाज वाटली म्हणून जो परक्याच्या दारी गेला, तो बुडाल्यावर परक्यांनाही सांगत नाही. मुकाट्याने निघून जातो. त्याच्यामागून येणाऱ्याला मात्र उरलेल्या सात-आठ जणांचाच जयघोष ऐकू येतो आणि तोच जगाचा अनुभव वाटतो. म्हणजे ज्या ठिकाणी लज्जेपासून सुटका मिळेल असे वाटले होते, त्या ठिकाणचे ज्ञानच लज्जेने सदोष करून ठेवले आहे. या प्रकारात कोणी खोटे बोललेच पाहिजे असे नाही. प्रत्येक जण खरे बोलत असूनही एकंदर साक्ष खोटी ठरू शकते.

मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने नोंदणी करावी, असा सेबीचा २०१३ चा नियम आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नोंदणीकृत दलाल व संस्था यांना नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी संबंध ठेवण्यास मनाई करण्यात आली. हे योग्यच झाले. परंतु कायद्याचा हात मोबदल्यापर्यंत पोहोचतो. फुकट आणि उत्साहाने दिलेल्या सल्ल्याचे काय, हा प्रश्न नीतीकडेच राहतो.

महाभारताने या प्रश्नाचा विचार फार मार्मिक रीतीने केला आहे, असे मला वाटते. अर्जुनाला उपदेश करणारा श्रीकृष्ण त्याच्याच रथावर बसलेला होता. समोरून येणारे बाण दोघांवरही येणार होते. परंतु केवळ एका रथात बसणे पुरेसे नाही, हेही त्याच ग्रंथाने दाखविले आहे. शल्य कर्णाच्या रथावरच होता. परंतु त्याने शब्द दिला होता तो युधिष्ठिराला, आणि सारथ्य करता करता तो कर्णाचा तेजोभंगच करीत राहिला. सल्लागाराचे हित कोठे गुंतले आहे, हे कर्णाला ठाऊक नव्हते. तिसरा विदुर. त्याला स्वार्थ नव्हता, ज्ञान होते, तो जवळचाही होता. परंतु धृतराष्ट्राने रात्रभर ऐकून घेतले आणि वर्तनात काहीच उतरविले नाही. सल्ला मागणे ही निर्णय टाळण्याची एक रीत असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. श्रीकृष्णानेही अठरा अध्याय सांगून झाल्यावर, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल ते कर, असेच अर्जुनाला सांगितले. निर्णय अर्जुनाचाच राहिला.

कोणी म्हणेल, सल्ल्याच्या फळाची जबाबदारी घ्यायची झाली तर जगात कोणीच कोणाला काही सांगणार नाही. ही शंका रास्त आहे. रोगी दगावला म्हणून प्रत्येक वेळी वैद्य अपराधी ठरत नाही. सल्लागाराचे दायित्व फळापुरते नसून काळजीपुरते आहे, आणि ती काळजी तीन गोष्टींत दिसते. माझा यात काही लाभ आहे का, हे त्याने आधी सांगावे. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याची परिस्थिती विचारावी. आणि उद्या काही विपरीत घडले तर तो सापडला पाहिजे.

यांतील दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व सरकारी नोकराला सांगावयास नको. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांतील सोळाव्या नियमाने कर्मचाऱ्याला शेअरांची सट्टेबाजी निषिद्ध आहे. प्रासंगिक गुंतवणुकीला मुभा असली तरी वारंवार केलेली खरेदी-विक्री सट्टाच समजली जाते. रोज सकाळी खरेदी करून दुपारी विकावे, हा सल्ला व्यापाऱ्याच्या मुलाला निदान वादाचा विषय आहे. आमच्या कार्यालयात नव्याने लागलेल्या लिपिकाला तो शिस्तभंगाच्या कारवाईचा विषय होऊ शकतो. देणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसेलही. आपण कोणाशी बोलत आहोत, हे त्याने विचारलेले नसते, इतकेच.

आपणांसारख्या बदलीच्या नोकरीवरील माणसांच्या घरी हा प्रश्न अधिक बोचरा होतो. आपली मुले काका-मामांच्या सहवासात वाढत नाहीत. आज जबलपूर, तीन वर्षांनी भोपाळ किंवा दिल्ली. शेजार जुळतो तोच सुटतो. गणेशोत्सवात आणि कोजागरीला भेटणारी मराठी मंडळी हेच त्यांचे गणगोत. त्या मंडळींत नाटकाविषयी, बढतीविषयी, महागाई भत्त्याविषयी पुष्कळ बोलले जाते; कोणाचे पैसे कोठे आणि कसे बुडाले, हे मात्र कधी बोलले जात नाही. यशाची वार्ता तेवढी सांगायची, ही मोबाईलवरील रीत आपल्या बैठकीतही आधीपासून रूढ आहे, हे मान्य करावे लागेल.

म्हणून मुलांना परक्यांपासून दूर राहण्याची आज्ञा करणे व्यर्थ आहे. परक्यांकडे माहिती आहे आणि ती त्यांनी अवश्य घ्यावी. परंतु माहिती घेऊन झाल्यावर ज्याच्यापाशी बसून विचार करावा, असा एक तरी मनुष्य त्यांना घरात मिळाला पाहिजे. त्यासाठी वडीलधाऱ्यांना बाजारातील पंडित होण्याची आवश्यकता नाही. आपला पगार किती, कर्ज किती, कोणती ठेव फळली आणि कोणती फसली, हे त्यांनी मुलांपुढे एकदा वही उघडून मांडावे. फसलेल्या ठेवीचे पान उघडणे कठीण आहे, हे मी जाणतो. परंतु परक्या जाणकाराच्या वहीत नेमके तेवढेच पान नसते, आणि मुलाला त्याचीच गरज अधिक असते.